स्टुडिओ आत्ताच बुक करू नका: स्वतःचा मराठी रॉक अल्बम, पहिल्या डेमोपासून रिलीजपर्यंत

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतो, "दादा, पुढच्या शनिवार-रविवार स्टुडिओ घेतलाय, अल्बम करतोय, काय काय लक्षात ठेवू?" मी विचारतो गाण्यांचे बीपीएम (मिनिटाला किती ठोके, म्हणजे वेग) ठरलेत का, तर म्हणे ते ड्रमर बघेल. पट्टी? ती गाताना बघू. वादकांशी पैशाचं आणि हक्काचं बोलणं? अरे सगळे मित्रच आहेत. रिलीजची तारीख मात्र इन्स्टावर टाकून झालेली असते, बहुतेक वेळा स्वतःच्या वाढदिवसाची.

पुढचं मग ठरलेलंच. स्टुडिओचं मीटर चालू असताना मुखड्याआधी चार बार की आठ बार यावर वाद होतो, मिक्सपर्यंत (सगळे ट्रॅक एकत्र बसवण्यापर्यंत) येता येता पैसे संपतात आणि तारीख आली म्हणून कच्चा मास्टर, म्हणजे रिलीजची शेवटची फाइल, अपलोड होतो. मी पहिल्या वेळी यातलं जवळपास सगळं करून बसलोय, म्हणून एवढ्या अधिकाराने सांगतोय.

हे त्यांच्यासाठी आहे जे स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, गिटार घेऊन गातात, सोबत तीन-चार जणांचा बँड आहे, लेबल नाही आणि पैसे स्वतःचे आहेत. आठ-नऊ गाण्यांचा अल्बम धरलाय. पैशाचं माझं खडबडीत गणित असं की एकूण रकमेचे पाच भाग करा, दोन रेकॉर्डिंगला, दोन मिक्स-मास्टरला आणि एक रिलीजनंतरसाठी बाजूला. हा पाचवा भाग कोणीच ठेवत नाही.

## १. गाणी निवडा, आणि शब्द ठेक्यावर घासून बघा

फोनमध्ये तीस व्हॉइस मेमो असतील. त्यातली पंधरा गाणी पूर्ण करा (पूर्ण म्हणजे दुसरा अंतरासुद्धा लिहून झालेला, "तिथे नंतर काहीतरी टाकू" असं नाही) आणि नुसत्या गिटारवर दोन-तीन लोकांसमोर गा. पंधरातली आठ-नऊ उरतील, उरायलाच हवीत.

आता शब्द. रॉकमध्ये स्नेअर (ड्रम्समधला कडक आवाजाचा ड्रम) दोन आणि चारवर पडतो आणि त्या जोराखाली जे अक्षर येईल ते ऐकणाऱ्याच्या कानात आधी घुसतं. मराठी शब्द चुकीच्या जागी तुटला की अर्थच पालटतो. माझ्या एका गाण्यात "पावसात सगळं विसरून ये" अशी ओळ होती, ठेका असा की "पाव" वर एक दणका आणि "सात" वर दुसरा. डेमो ऐकून बहीण म्हणाली, हे सात पाव कोणी मागवलेत? तोपर्यंत आम्ही ते गाणं तीन महिने वाजवत होतो आणि आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण आम्हाला शब्द पाठ होते. शेवटी तो शब्द अर्धी मात्रा आधी उचलून एका दमात घेतला, चाल तीच राहिली.

दुसरी भानगड लांब सुरांची. ओळीच्या शेवटी चार मात्रा ओढायच्या असतील तर तिथे आ, ए, ओ असं तोंड उघडणारं अक्षर हवं. "ओठ", "बंद", "चूक" असल्या शब्दांवर पूर्ण आवाजात ओढून बघा, एक तर स्वर आधी लांबवून शेवटचं व्यंजन गिळलं जातं नाहीतर "बंदऽऽऽ" होतं, दोन्ही वाईट. ऱ्हस्वाचा दीर्घ करून "दिवा" चा "दीऽवा" झाला तर एकदा चालतं, प्रत्येक कडव्यात झालं की हिंदी भाषिकाने मराठी गायल्यासारखं वाटतं.

तपासणी: ज्याने शब्द कधीच वाचलेले नाहीत अशा माणसाला डेमो ऐकवा आणि ऐकू येतील ते शब्द कागदावर लिहायला सांगा. जिथे तो अडकेल तिथे तुमचं काम बाकी आहे. याला पैसे लागत नाहीत, चहा लागतो.

## २. पट्टी आणि लय ठरवा, बँडसोबत उभं राहून

आपली बहुतेक गाणी रात्री साडेअकराला पलंगावर बसून, बाजूच्या खोलीत घरचे झोपलेत म्हणून दबक्या आवाजात बनलेली असतात. त्या आवाजाला सोयीची पट्टी आणि ड्रम्स-डिस्टॉर्शनसमोर गाण्याची पट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दबक्या आवाजात गोड वाटलेला खालचा अंतरा बँडमध्ये पार बुडून जातो. म्हणून रिहर्सल रूममध्ये उभं राहून, पूर्ण बँडवर, तेच गाणं दोन-तीन पट्ट्यांत गाऊन बघा. गिटारवाला कुरकुर करेल कारण त्याचा ओपन स्ट्रिंगचा रिफ मोडतो. त्याला कापो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) द्या किंवा गिटार अर्धा सूर खाली ट्यून करायला सांगा, पण पट्टी गळ्याची चालणार, रिफची नाही.

तपासणी: गाण्यातला सगळ्यात वरचा सूर असलेली ओळ पूर्ण आवाजात सलग पाच वेळा गा. पाचव्यांदा घसा खरवडला तर अर्धा सूर खाली या. स्टुडिओत ती ओळ पंधरा वेळा गावी लागणार आहे.

बँडमध्ये कोणी पेटी वाजवणारं किंवा शास्त्रीय गाणारं असेल तर भाषेचा घोळ नक्की होतो. पेटीवाली म्हणते "काळी दोन", गिटारवाला पडद्यांकडे बघत बसतो. एकदाच कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, असं पुढे. आणि पेटी रेकॉर्डिंगला घेणार असाल तर आधी ट्यूनर ॲप समोर ठेवून एकेक सूर तपासा. आमची पेटी दहा-बारा सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर निघाली, हे कळलं गिटार्स रेकॉर्ड झाल्यावर. पेटी काही स्टुडिओत बसून ट्यून होत नाही, ते गाणं मग पेटीशिवायच गेलं.

लय: प्रत्येक गाणं तीन वेगात रेकॉर्ड करा, समजा ९२, ९५ आणि ९८, फोनवर चालेल. ऐका मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. रिहर्सलच्या जोशात सगळ्यांना जास्त वेग आवडतो. ठरला की आकडा लिहून टाका आणि पुन्हा चर्चा नाही. गाणं सात मात्रांचं असेल, रूपकासारखं, तर सॉफ्टवेअरमध्येही मीटर सातचंच लावा. चारच्या ग्रिडवर सातचं गाणं रेकॉर्ड केलं तर नंतर एडिट करणारा तुम्हाला शिव्या घालेल आणि तासाचे पैसे लावून घालेल.

## ३. गाइड ट्रॅक बनवा

हा टप्पा लोक सरळ उडवतात आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. गाइड म्हणजे क्लिकवर (मेट्रोनोमच्या टकटकीवर) वाजवलेली एक गिटार आणि एक गळा, घरीच, साध्या इंटरफेसवर (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडायची डबी). सुरुवातीला दोन बारचा काउंट आणि गाण्याची रचना पूर्ण: इंट्रो किती, मुखडा किती, सोलो किती बारचा, शेवट कसा. शेवट तर नक्कीच. "शेवटी बघू कसं संपतंय ते" हे वाक्य मी ऐकलं की ती तालीम तिथेच थांबवतो.

फाइलच्या नावात गाणं, बीपीएम, पट्टी आणि तारीख हवी. सगळं २४ बिट आणि एकाच सॅम्पल रेटवर, ४८ किलोहर्ट्झ घ्या, आणि तोच शेवटपर्यंत ठेवा. अर्धी गाणी ४४.१ वर आणि अर्धी ४८ वर असली की कुठल्यातरी संध्याकाळी एखादं गाणं अर्ध्या-पाऊण सुराने वर किंवा खाली वाजतं आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

मग ड्रमर आणि बेसिस्टने हे गाइड हेडफोनवर लावून किमान दोन आठवडे वाजवायचं. क्लिकवर वाजवणं हा वेगळा रियाज आहे, मैफलीत उत्तम वाजवणारे इथे फसतात आणि त्यात लाज नाही.

इशारा: गाइड ऐकून ऐकून त्याच्याच प्रेमात पडू नका. तो कच्चा गळा कितीही "फीलवाला" वाटला तरी त्याच्यात पंख्याचा आवाज आहे.

## ४. कागद, रेकॉर्डिंगच्या आधी

मित्र आहेत म्हणूनच लिहून ठेवायचं. एका पानावर: कोण काय वाजवणार, किती पैसे किंवा किती टक्के, शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचा मालक कोण, नाव कसं छापायचं. सह्या, तारीख, दोन प्रती.

कायद्याच्या तीन गोष्टी माहीत असू द्या. एक, कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा किंवा घ्यायचा असेल तर तो लेखी आणि सही केलेलाच लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे "तुझी गिटार मी घेतली" एवढंच लिहून भागत नाही, किती काळासाठी आणि कुठे हेही लिहा. दोन, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारसदार किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला देऊन टाकता येत नाही, त्यामुळे कोणी "सगळे हक्क कायमचे आमचे" असा कागद पुढे केला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. तीन, नोंदणी सक्तीची नाही, पण करायची असेल तर शब्द किंवा संगीतासाठी प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये सरकारी फी आहे, अर्ज ऑनलाइन होतो.

आणि उसने शब्द. अल्बममध्ये एखादी कविता घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची कविता २०५९ संपेपर्यंत परवानगीशिवाय नाही, "श्रद्धांजली म्हणून घेतली" हे उत्तर चालत नाही. तुकोबांचा अभंग घ्या खुशाल, पण अभंग मोकळा असला तरी तुमच्या कानात बसलेली त्याची चाल बहुधा विसाव्या शतकातल्या कुठल्यातरी संगीतकाराची असते. तीच चाल डिस्टॉर्शनवर वाजवली म्हणून तुमची होत नाही. नवी लावा.

## ५. आता स्टुडिओ, आणि आधी फक्त ड्रम्स

खरं महागड्या स्टुडिओची गरज ड्रम्सला असते, चांगली खोली आणि आठ-दहा माइक घरी जमत नाहीत. बाकी बरंचसं घरी किंवा छोट्या खोलीत होतं. नऊ गाण्यांना दोन दिवस धरा. पहिल्या दिवसाचे पहिले तीन तास माइक लावण्यात आणि ड्रम ट्यून करण्यात जाणार हे आधीच मान्य करा, म्हणजे दुपारी चिडचिड होत नाही.

नेण्याची यादी ड्रमरच्या भरवशावर सोडू नका: स्नेअरचं जादा स्किन, काठ्यांच्या चार जोड्या, हाय-हॅटचा क्लच (हो, तोच हरवतो), ड्रम की, टेप, छोटा गालिचा. नवी स्किन्स एक-दोन दिवस आधी चढवून थोडी वाजवलेली असावीत. गिटारच्या तारांचंही तसंच, आदल्या दिवशी बदला आणि ताणून ठेवा, सकाळी बदललेल्या तारा दिवसभर खाली उतरत राहतात.

पहिल्या गाण्याचा एक टेक घेऊन थांबा. सगळ्यांनी आत येऊन ऐका, मोनो बटण दाबून ऐका. मोनोमध्ये स्नेअर किंवा किक एकदम पातळ झाली तर माइकांचा फेज भांडतोय, म्हणजे एका माइकचा आवाज दुसऱ्याचा आवाज खोडतोय, तो तेव्हाच माइक हलवून किंवा फेज उलटवून सुटतो. "मिक्समध्ये बघू" हे इथे म्हणायचं नाही.

प्रत्येक गाण्याचे तीन पूर्ण टेक, मग अडलेल्या जागांचे पंच-इन (तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून भरणं), मग पुढचं गाणं. सोपं, मध्यम वेगाचं गाणं पहिलं घ्या. सगळ्यात दमवणारं गाणं जेवणाच्या आधी, नंतर नाही. मिसळ खाऊन डबल बास पेडल वाजवलेला ड्रमर मी पाहिलाय.

पुढचा क्रम: बेस, रिदम गिटार, गळा, आणि मग लीड गिटार. बरेच जण लीड आधी करतात आणि मग गळ्याला जागाच उरत नाही, प्रत्येक ओळीच्या मागे गिटार काहीतरी बडबडत असते. गळा आधी असला की लीडवाला आपोआप ओळींच्या मधे वाजवतो. बेस आणि गिटार ॲम्पसोबत सरळ डीआयवरही (ॲम्प-माइकशिवाय, थेट तारेने) रेकॉर्ड करून ठेवा, उद्या ॲम्पचा आवाज आवडला नाही तर तोच टेक पुन्हा दुसऱ्या ॲम्पमधून काढता येतो.

इशारा: घरी गिटार घेताना सतत घूं आवाज येतोय आणि तारांना हात लावला की कमी होतोय, तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यात-चाळीत ते बऱ्याचदा नसतंच. इलेक्ट्रिशियन बोलवा. घरघर जाते म्हणून प्लगची अर्थची पिन काढायचा शहाणपणा करू नका, तुमचे ओठ माइकला आणि हात तारांना लागलेले असतात.

## ६. गळा

अल्बम ऐकला जातो तो गळ्यासाठी आणि वेळ मिळतो तो सगळ्यात कमी याला. म्हणून मी म्हणतो, गळा घरीच घ्या, सावकाश, दिवसाला एक किंवा फार तर दोन गाणी. बरा कंडेन्सर माइक, पॉप फिल्टर, मागे आणि बाजूला गाद्या किंवा जाड रजया, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असेल तर फारच छान. बाथरूम नको.

वेळ निवडणं हे अर्धं काम आहे. पंखा-एसी बंद करावा लागतो म्हणून मे महिन्यात दुपारी जमत नाही, सकाळी कुकरच्या शिट्ट्या, खिडकीत कबुतरं. आणि पुण्यात असाल तर गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळ विसरा, नदीकाठच्या ढोलपथकांची प्रॅक्टिस खिडकी बंद करूनही माइकमध्ये येते. आम्ही एका हळव्या गाण्याचा टेक तसाच ठेवून दिला होता, हेडफोनवर नीट ऐकलं तर दुसऱ्या कडव्यामागे ताशा ऐकू येतो. ते गाणं पुन्हा गावं लागलं.

माइक तोंडापासून एक वीत. प, फ, भ सरळ माइकवर आदळू नयेत म्हणून माइक थोडा तिरका. मराठीत च, स, श भरपूर, "चाचपडत" सारखा शब्द असला की शिट्टी वाजते, तिथे मान किंचित वळवली की काम होतं, नंतर सॉफ्टवेअरने कापलं तर बोबडं ऐकू येतं. लेव्हल अशी की सगळ्यात जोरात ओरडाल तेव्हा मीटर उणे ६ डीबीच्या वर जाऊ नये.

शब्दांची मोठ्या अक्षरात प्रिंट काढा आणि चार-पाच पूर्ण टेक घ्या. कोणत्या टेकमधली कोणती ओळ चांगली ते तिथेच पेन्सिलने लिहा, आठवड्यानंतर आठवत नाही. ओरडायची गाणी प्रत्येक दिवशी शेवटी. कोरसचे दोन टेक जास्तीचे घ्या, डबलिंगला (तोच गळा एकावर एक ठेवायला) लागतात.

पिच करेक्शनबद्दल (सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) भांडण नको, सगळे वापरतात. फक्त ऑटोवर जोरात लावू नका, आपल्या गाण्यात सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड असते आणि ते यंत्र तिला चूक समजून पायऱ्या पाडतं. चुकलेला सूर हाताने उचला, बाकीचं सोडा.

तपासणी: रोज काम झालं की सगळं फोल्डर दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी, एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. आमचा एक बेस ट्रॅक चहाच्या कपाबरोबर गेलाय.

## ७. मिक्स आणि मास्टर

स्वतःचा पहिला अल्बम स्वतः मिक्स करू नका. तुम्हाला तो इतका पाठ झालेला असतो की काय ऐकू येत नाहीये तेच ऐकू येत नाही.

इंजिनिअरला पाठवताना प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारा, नाव स्पष्ट ("ऑडिओ १७" नाही), सोबत बीपीएम, शब्द, तुमचा कच्चा मिक्स आणि तुम्हाला ज्या दिशेचा आवाज हवाय अशी दोन-तीन रेफरन्स गाणी. सुधारणांच्या फेऱ्या किती हे आधी ठरवा, तीन पुरतात. सूचना बँडमधून एकाच माणसाने पाठवायच्या, वेळ लिहून: "१:४२, दुसऱ्या मुखड्याला गळा जरा वर." "थोडं अजून मोठं वाटायला हवं" याचा अर्थ कोणालाच कळत नाही, पाठवणाऱ्यालासुद्धा.

गळा किती वर ठेवायचा हा मराठी रॉकमधला कायमचा वाद. इंग्रजी रॉकसारखा आत दाबला तर आपला माणूस म्हणतो शब्दच कळत नाहीत, फार वर काढला तर मागे गिटार लावलेलं भावगीत होतं. मी नेहमी थोडा वर ठेवण्याच्या बाजूने, पण कोरसला आत जाऊ द्यावा.

इशारा: मिक्स व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवून त्यावरून मत देऊ नका, तो दाबला जाऊन बारीक होऊ शकतो. ड्राइव्हची लिंक द्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऐका चार ठिकाणी: हेडफोन, गाडी, साधा फोन, आणि अगदी हळू आवाजात दुसऱ्या खोलीतून.

फायनल होताना प्रत्येक गाण्याची गळ्याशिवायची आवृत्तीही त्याच वेळी मागून घ्या. सहा महिन्यांनी मागितली तर प्रोजेक्ट उघडतच नाही.

मास्टरिंगला जास्त डोकं लावू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (आवाजाच्या सरासरी जोराचं माप) आणून वाजवतं, त्यामुळे पिळून पिळून जोरात केलेला मास्टर तिथे खाली ओढलाच जातो, वर स्नेअर मेलेला असतो तो वेगळा. म्हणून उणे १४ च करा असंही नाही, रॉक त्याहून जोरातच असतो. पीक उणे १ डीबीच्या आत ठेवा. आणि पूर्ण अल्बम क्रमाने एकदा सलग ऐका, आवाजाचं बटण न हलवता. तिसऱ्या गाण्याला हात बटणाकडे गेला तर मास्टर परत पाठवा.

## ८. कव्हर आणि नावं

इथे घाई करणारे वर्षभर निस्तरत बसतात.

कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी. त्यावर वेबसाइट, इन्स्टा हँडल, किंमत, ॲप्सचे लोगो नको, परत येतं. देवनागरी अक्षरं असतील तर फोटोशॉपमध्ये टाइपचं सेटिंग वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियनवर आहे ना बघा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात, "प्रवास" चा "प् रवास" होतो आणि "वेलांटी" अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. डिझायनर मराठी नसेल तर त्याला ते दिसतही नाही. अंगठ्याएवढं करून बघा, फोनवर तेवढंच दिसणार आहे.

नावं टाइप करताना युनिकोडच. डिझायनरने श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं तिथून कॉपी करून फॉर्ममध्ये टाकलं तर किडामुंगी उमटते. रोमन स्पेलिंगही एकदाच ठरवा, "वाट" ला एक ए की दोन, आणि तेच सगळीकडे, पोस्टरपासून यूट्यूबपर्यंत. भाषा मराठी निवडा. फॉर्म भरणारा मित्र यादीत वर दिसते म्हणून हिंदी निवडतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. गीतकार-संगीतकाराचं पूर्ण नाव, आडनावासकट. गाण्यात शिव्या असतील तर एक्सप्लिसिटची खूण करा, लपवू नका.

तुमच्याच नावाचा दुसरा कोणी कलाकार आधीपासून असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं. आमच्या ओळखीतल्या एकीचं गाणं कुठल्याशा भजनांच्या पानावर गेलं, सोबत हेवी गिटार, तिथल्या श्रोत्यांचं काय झालं असेल देव जाणे. अपलोड करताना "नवीन कलाकार" निवडा.

प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी क्रमांक लागतो, बहुतेक डिस्ट्रिब्युटर (तुमची गाणी ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपन्या) तो फुकट देतात. तो लिहून ठेवा, पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

## ९. अपलोड, आणि आत्ता कुठे तारीख

डिस्ट्रिब्युटर निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर माझी गाणी राहणार का? काही जण वर्षाची फी घेतात आणि ती थांबली की गाणी काढू शकतात, काही एकदाच घेऊन पुढे कमाईतला टक्का कापतात. जिओसावन-गानावर जातं का, कॉलर ट्यून होते का, तेही विचारा. गावाकडचे नातेवाईक तीच लावतात.

मास्टर हातात आला, कव्हर आलं, मग आजपासून सहा आठवड्यांनंतरचा शुक्रवार पकडा. गणपती आणि दिवाळीचे आठवडे टाळा, त्या दिवसांत कोणी नवीन ऐकत नाही आणि ऐकलं तर आरती ऐकतं.

अल्बम एकदम टाकण्यापेक्षा आधी दोन सिंगल्स, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. तसं करायचं तर पहिल्या सिंगलचे सहा आठवडे वेगळे धरा, अल्बमची तारीख त्याच्याही पुढे जाते. पहिल्या सिंगलने तुमचं कलाकार पान तयार होतं आणि ते ताब्यात घेता येतं. अल्बम अपलोड करताना त्या दोन गाण्यांना तोच आयएसआरसी आणि अगदी तीच ऑडिओ फाइल द्या म्हणजे आधीचे प्ले सहसा जोडले जातात. मास्टर बदललात तर ती नवी रेकॉर्डिंग, नवा क्रमांक, मोजणी शून्यापासून.

स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून (कलाकारांसाठीचं त्यांचं ॲप) पिच करायला, म्हणजे त्यांच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायला, ते गाणं रिलीज व्हायच्या आधीच पोचलेलं लागतं, किमान सात दिवस आधी. एका वेळी एकच गाणं पिच होतं, तेव्हा अल्बममधलं कोणतं ते आधी ठरवा. पिचमध्ये "हे गाणं माझ्या मनाच्या जवळचं आहे" लिहू नका, सगळ्यांचंच असतं. कोणती वाद्यं, कोणती लय, कशाबद्दल, आधी कुठे वाजलंय, एवढं लिहा.

इशारा: गाण्यात कुठूनतरी उतरवलेले लूप वापरले असतील तर यूट्यूबचं कंटेंट आयडी (इतरांच्या व्हिडिओंत तुमचं गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा) चालू करू नका. तोच लूप इतर शंभर जणांनी वापरलेला असतो आणि तुमच्या नावाने त्यांच्या व्हिडिओंवर दावे जातात. आणि चालू केलं असेल तर स्वतःचं चॅनेल डिस्ट्रिब्युटरला कळवून सूट मागा, नाहीतर पहिला दावा तुमच्याच व्हिडिओवर येतो.

## १०. रिलीजचा आठवडा आणि नंतरचे दोन महिने

शुक्रवारी सकाळी प्रत्येक ॲपवर प्रत्येक गाणं स्वतः शेवटपर्यंत वाजवून बघा. क्रम, नावं, कापला गेलेला शेवट. मग लिंक पाठवा. फॉरवर्ड मेसेज करू नका, नाव घेऊन एकेकाला पाठवा, आणि अख्खा अल्बम न देता एकच गाणं द्या.

शब्द म्युझिक्समॅचवर (गाण्यांचे शब्द ॲप्सना पुरवणारी साइट) देवनागरीत चढवा, वेळेप्रमाणे जुळवून. मराठीत हे फार थोडे करतात आणि ऐकणारे खरंच वाचतात.

लाँचचा कार्यक्रम त्याच दिवशी ठेवू नका. दोन-तीन आठवडे जाऊ द्या म्हणजे पुढच्या रांगेला तरी मुखडे पाठ असतात. उघड्यावर असेल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, शेवटचं गाणं पावणेदहाला सुरू झालं पाहिजे, साउंडचेक त्या हिशोबाने.

कमाईचं बोलायचं तर स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १००० प्ले झाले नाहीत तर त्याची रॉयल्टी मोजलीच जात नाही, म्हणून नऊ गाण्यांवर लोक विखरण्यापेक्षा आधी तीन गाणी त्या आकड्यापार न्या. शब्द आणि संगीताची रॉयल्टी वेगळी असते, ती डिस्ट्रिब्युटर देत नाही. त्यासाठी गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी) सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, आयएसआरसीसकट, आणि टक्केवारी चौथ्या टप्प्यातल्या कागदावरून जशीच्या तशी. परदेशातल्या मराठी लोकांना विकत घ्यायची सवय आहे, त्यांच्यासाठी बँडकॅम्पवर (अल्बम थेट विकायची साइट) अल्बम ठेवा, पूर्ण क्वालिटीत.

आणि तो पाचवा भाग, जो बाजूला ठेवला होता, तो आत्ता काढा: एका गाण्याचा साधा लाइव्ह व्हिडिओ, एका रिहर्सल रूममध्ये, तीन कॅमेरे, खरा आवाज. रिलीजनंतर पाचव्या-सहाव्या आठवड्यात टाका. आमच्या वेळी तोपर्यंत सगळ्यांनी बोलणं बंद केलं होतं, आणि कॉलेजच्या कार्यक्रमाचा पहिला फोन तो व्हिडिओ बघून आला. विचारत होते, ते पावसाचं गाणं वाजवाल ना.